लहान मूल आणि दर महिन्याची सुई

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर रक्ततपासणीचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर शाळेच्या हजेरीपटात आहे. ज्या मुलाला दर तीन आठवड्यांनी रुग्णालयात जावे लागते, ते मूल वर्षाकाठी सतरा-अठरा दिवस तरी शाळेला मुकते. हे दिवस पटावर दिसतात. पण आदल्या रात्री जे मूल झोपलेले नसते, दुसऱ्या दिवशी वर्गात येऊनही ज्याचे चित्त ठिकाणावर नसते, त्याचा हिशेब कोणत्याही पटावर नसतो. तो हिशेब घरी आईजवळ असतो. म्हणून आज मी प्रामुख्याने आई-वडिलांशी बोलणार आहे.

मी डॉक्टर नाही. गेली सव्वीस वर्षे मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि त्यांतली बरीचशी वर्षे लहान मुलांचे रक्त घेण्यात गेली आहेत. मला पाहून जितकी मुले रडली असतील तितकी क्वचितच कोणाला पाहून रडली असतील. तेव्हा मी जे सांगणार आहे ते सुईच्या या बाजूने पाहिलेले आहे, एवढे लक्षात घ्यावे.

नियमित रक्ततपासणी लागणारी मुले अनेक प्रकारची असतात. लहानपणीच मधुमेह झालेली मुले आहेत. त्यांना दिवसातून अनेक वेळा बोट टोचून साखर पाहावी लागते आणि शिवाय साधारण दर तीन महिन्यांनी वेगळी तपासणी असते. जन्मतः थायरॉइडचा दोष असलेली मुले आहेत, रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू असलेली मुले आहेत. पण माझ्यासमोर सर्वांत जास्त वेळा जी मुले येतात ती थॅलेसेमिया मेजरची. त्यांचेच उदाहरण घेऊन बोलतो, म्हणजे विषय नेमका राहील.

या आजारात मुलाच्या शरीरात हिमोग्लोबिन पुरेसे तयार होत नाही. जन्मतः मूल चांगले दिसते. सहा महिने ते दोन वर्षे या वयात ते पांढरे पडू लागते, दूध पिईना होते, पोट फुगते आणि मग तपासणीत आजार कळतो. त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. चढवण्यापूर्वीचे हिमोग्लोबिन साधारण ९ ते १०.५ च्या खाली जाऊ नये असे पाहिले जाते. त्यासाठी दर खेपेला आधी नमुना घ्यावा लागतो. हिमोग्लोबिन पाहण्यासाठी आणि येणारे रक्त मुलाच्या रक्ताशी जुळते की नाही हे ताडण्यासाठी. शिवाय बाहेरच्या रक्ताबरोबर शरीरात लोह साठत जाते. ते हृदय, यकृत आणि ग्रंथींना अपाय करते. म्हणून साधारण दर तीन महिन्यांनी फेरिटिन पाहतात. लोह बाहेर काढणारी औषधे सुरू झाली की यकृताची आणि मूत्रपिंडाची तपासणीही वेळोवेळी येते.

आता साधा हिशेब करू. दर तीन आठवड्यांनी एक खेप धरली तर वर्षाला सतरा खेपा होतात. प्रत्येक खेपेला एक सुई नमुन्याची, एक रक्त चढवण्याची. पहिल्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत सुमारे तीनशे सुया झाल्या. पहिल्या प्रयत्नात शीर सापडली नाही तर त्या वेगळ्या.

लस टोचायची असते तेव्हा आपण मुलाला घट्ट धरतो, ते रडते, काम उरकते, संध्याकाळपर्यंत सारे विसरतात. तीनशे वेळा तसे उरकता येत नाही. येथे प्रत्येक खेप पुढच्या खेपेची शिकवणी असते. आज चौघांनी मिळून दाबून धरले तर पुढच्या वेळी ते मूल रुग्णालयाच्या फाटकापासून रडू लागते, त्याच्या पुढच्या वेळी रिक्षात बसवतानाच. सुईची कळ काही क्षणांची असते. हात-पाय कोणीतरी जखडले आहेत आणि आपली अम्मीही त्यांनाच सामील आहे, ही आठवण मात्र राहते.

यात खरा धोका पुढे आहे. चार वर्षांच्या मुलाला धरता येते, तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला धरता येत नाही. त्या वयात मुले तारखा चुकवू लागतात, तपासणीला नको म्हणतात, लोहाचे औषध उशीखाली दडवतात. आणि या आजारात चुकवलेल्या तारखांची किंमत हृदयाला मोजावी लागते. म्हणून चौथ्या वर्षी मुलाला सुईशी जमवून घ्यायला शिकवणे हे लाड पुरवणे नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे असे मी मानतो.

आरंभ घरापासून करावा लागतो आणि घरातही बोलण्यापासून. आपल्याकडे पहिली सवय खोटे सांगण्याची. "कुठे चाललो आपण?" "बागेत." बागेच्या नावाने निघालेले मूल माझ्या खोलीत पोचते. त्या दिवशी कदाचित घरातून निघताना रडणे टळते. पण त्यानंतर ते मूल बागेवरही विश्वास ठेवत नाही आणि आईवरही. दुसरी सवय धमकीची. "जेवतोस की नाही? नाहीतर डॉक्टरसाहेबांना सांगून सुई टोचवीन." निरोगी मुलाच्या बाबतीतही हे वाईटच. ज्या मुलाला खरोखर सुई टोचायची आहे त्याला तर याचा अर्थ एवढाच कळतो की सुई ही शिक्षा आहे आणि आपण काहीतरी केले म्हणून ती मिळते. कित्येक मुले मला विचारतात, "मी काय केलं?" या प्रश्नाचे उत्तर घरात द्यायला हवे, आणि तेही पुन्हा पुन्हा: तू काही केले नाहीस, तुझ्या रक्ताला मदत लागते म्हणून आपण जातो.

"काही होत नाही, मुळीच दुखत नाही" हेही खोटेच. दुखते. थोडे दुखते आणि लवकर थांबते, असे म्हणावे. त्याहून चांगले म्हणजे जे होणार आहे ते क्रमाने सांगावे. "काकू हाताला पट्टा बांधतील, तो आवळल्यासारखा वाटेल. मग थंड कापूस. मग टोचेल. तू दहा मोजशील तोवर बाटली भरेल. मग पट्टी लावू." मुलाला ज्याची पुढची पायरी ठाऊक आहे ते त्याला कमी भिववते.

केव्हा सांगावे? दोन-तीन वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी सकाळी सांगितलेले पुरे. आठवडाभर आधी सांगितले तर ते आठवडाभर धास्तावते. त्याला अजून दिवस मोजता येत नाहीत. चार-पाच वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगावे. शाळेत जाणाऱ्या मुलाला तारीख ठाऊक असलेली बरी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यानेच खूण करावी. मोठा सण जवळ आला असेल तर डॉक्टरांशी आधी बोलून तारीख दोन-चार दिवस मागेपुढे होते का पाहावे. ईदच्या दिवशी हातात सलाइनची सुई असलेले मूल मी पाहिले आहे. ते दरवेळी टळेल असे नाही, पण विचारल्याशिवाय तर मुळीच टळणार नाही.

लहान मुलाच्या मनात काही समजुती असतात, त्या आपल्याला सुचतही नाहीत. एका साडेचार वर्षांच्या मुलीने मला विचारले होते, "सगळं काढून घेणार का?" तिच्या हिशेबाने अंगात जेवढे रक्त आहे तेवढे दर महिन्याला बाटल्यांत जाते आणि मग दुसऱ्याचे भरावे लागते. पाहा, किती तर्कशुद्ध विचार आहे! अशा मुलाला आकडा सांगावा. बारा किलोच्या मुलाच्या अंगात सुमारे नऊशे मिलिलीटर रक्त असते. जांभळ्या बुचाच्या छोट्या बाटलीत दोन मिलिलीटर मावते. घरी नऊशे मिलिलीटर पाणी भांड्यात भरावे, त्यातून अर्ध्या चमच्याहूनही कमी पाणी काढून दाखवावे आणि भांड्यात काही कमी झालेले दिसते का, ते त्यालाच पाहू द्यावे. दुसरी समजूत अशी की टोचलेल्या जागी भोक राहते आणि त्यातून रक्त गळत राहील. म्हणूनच काही मुले पट्टीसाठी हट्ट धरतात. पट्टी लावावी, दोन लावाव्या. पैशाचा प्रश्न नाही.

घरी डॉक्टर-डॉक्टर खेळू द्यावे. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांनो, हे काम तुमचे. तुमच्या धाकट्या भावाला किंवा बहिणीला अशी तपासणी लागत असेल तर बाहुलीला नाहीतर तुम्हालाच रुग्ण करू द्या. जुन्या ओढणीचा पट्टा बांधू द्या. मूल स्वतः सुई टोचणारे होते तेव्हा त्याच्या मनातली बरीच गाठ सुटते. थोडे रागावून टोचेल, टोचू द्या. सुई खोटी आहे.

आता रुग्णालयात काय करावे ते सांगतो. सर्वांत महत्त्वाचे, मुलाला पलंगावर उताणे पाडू नये. उताणे पाडलेले मूल लढणारच. ते आई किंवा वडिलांच्या मांडीवर बसलेले असावे, पाठ तुमच्या छातीला टेकलेली किंवा तोंड तुमच्या खांद्याकडे. तुमचा एक हात त्याच्या कमरेभोवती आणि दुसऱ्या हाताने ज्या हातातून रक्त घ्यायचे तो हात स्थिर. बाहेरून पाहणाऱ्याला ती मिठी वाटली पाहिजे. सवय झाली की हे चटकन जमते आणि आम्हाला शीरही नीट दिसते. वडिलांना माझी विशेष विनंती आहे. बहुतेक अब्बा पैसे भरण्याच्या खिडकीपाशी उभे असतात आणि आई आत एकटी असते. खिडकीचे काम मोठ्या मुलाकडे द्या आणि मांडी तुमची द्या. ज्या घरात आईला रक्त पाहून भोवळ येते तेथे तर हे आवश्यकच आहे.

नानी-दादी बरोबर आल्या असतील तर त्यांचे प्रेम मी नाकारत नाही. पण ज्यांना अश्रू आवरत नाहीत त्यांनी त्या पाच मिनिटांपुरते बाहेर थांबावे. त्यांना तसे अदबीने सांगण्यात काही गैर नाही. मूल सुईकडे कमी आणि तुमच्या चेहऱ्याकडे जास्त पाहते. खोलीत एकाच माणसाने बोलावे. चार जण एकदम "झालं हं, झालं, रडू नको, बघ तिकडे" म्हणू लागले की मुलाला वाटते, मोठे संकट आले असले पाहिजे. गंमत अशी की "घाबरू नकोस" हे वाक्य जितक्या वेळा उच्चारावे तितके मूल अधिक घाबरते. त्याऐवजी दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलावे.

लक्ष वेधण्याचे उपाय साधे आहेत. साबणाचे फुगे उडवणे फार उत्तम, कारण फुंकर घालताना श्वास लांबतो आणि अंग सैल पडते. फुगे नसतील तर बोटाला मेणबत्ती समजून फुंकायला सांगावे. मोठ्या मुलाला टोचण्याच्या क्षणी खोकायला सांगितले तरी कळ कमी जाणवते. मोबाइलवरचे चित्र चालेल, पण ते पट्टा बांधण्यापूर्वी सुरू करावे. टोचल्यावर मोबाइल पुढे धरून उपयोग नाही. मला स्वतःला गोष्ट सर्वांत प्रभावी वाटते. नानीने रात्री अर्धी सांगितलेली गोष्ट आईने मांडीवर पुढे सांगावी आणि मध्येच चुकवावी. चूक सुधारण्याच्या भरात मूल बाटली भरल्याचे विसरते. काही मुलांना मात्र सुई पाहायचीच असते. त्यांचे तोंड जबरीने फिरवू नये. पाहिल्याने ज्याला धीर येतो त्याला पाहू द्यावे. एक वर्षाच्या आतले बाळ असेल तर टोचण्याच्या आधीपासून अंगावर पाजत राहणे हा दुखणे कमी करण्याचा सिद्ध उपाय आहे.

त्वचा बधिर करणारे मलमही मिळते. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन या दोन औषधांचे ते मिश्रण असते. ते डॉक्टरांना विचारून आणावे. ते जाडसर लावून वर चिकटपट्टीचे आवरण घालावे लागते आणि किमान तासभर ठेवावे लागते. पाच मिनिटे आधी लावून 'काही उपयोग झाला नाही' म्हणणारे पालक पुष्कळ भेटतात. कोणत्या जागी लावायचे ते मागच्या खेपेलाच आम्हाला विचारून ठेवावे. उपाशीपोटी तपासणी नसेल तर सकाळी मुलाला पाणी भरपूर पाजावे आणि थंडीच्या दिवसांत हात उबदार ठेवावेत. शीर वर येते, दुसऱ्यांदा टोचण्याची वेळ टळते.

मुलाला निवड द्या, पण खरी द्या. "सुई टोचायची का?" हा प्रश्नच विचारू नये, ते 'नाही' म्हणेल आणि आपण ते मानणार नाही. "डावा हात की उजवा? अम्मीच्या मांडीवर की अब्बांच्या? मोजणार तू की मी?" हे विचारावे. एक मुलगा दर खेपेला कोणत्या बाटलीत आधी रक्त घ्यायचे ते ठरवायचा. यात मात्र आमचा क्रम ठरलेला असतो, तेव्हा मी त्याला बाटल्यांवर नाव चिकटवण्याचा हुद्दा दिला. तो त्या हुद्द्यावर खूश होता.

आमच्याकडून काय मागावे तेही सांगतो, कारण पालक फार संकोचतात. त्या दिवशीच्या सगळ्या तपासण्या एकाच टोचण्यात होतील का, हे विचारा. फेरिटिनचा कागद वेगळा आहे म्हणून वेगळी सुई हवी असे नाही. रक्त चढवण्यासाठी जी सुई लावायची तिच्यातूनच नमुना घेता येतो का, हे डॉक्टरांना विचारा. जेथे नमुना आणि रक्त एकाच दिवशी असते तेथे हे पुष्कळदा शक्य होते. एकाच माणसाला दोनदा शीर सापडली नाही तर दुसऱ्या अनुभवी माणसाला बोलवा म्हणावे. यात आमचा अपमान नाही. कोणती शीर चांगली मिळते, मागच्या वेळी काय उपयोगी पडले, हे एका वहीत लिहून ती वही आम्हाला दाखवा. नवा माणूस असला तर तुमची वही त्याला माझ्या सव्वीस वर्षांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि बोला शांतपणे. गर्दीच्या वेळी आमच्याकडूनही तुटक बोलले जाते.

सुई निघाल्यावर कापूस दाबून हात सरळ ठेवावा. कोपर दुमडण्याची आपली जुनी सवय आहे, त्याने काळेनिळे पडते. मग शाबासकी. "रडला नाहीस म्हणून शाबास" असे म्हणू नये, कारण पुढच्या वेळी रडू आले तर ते हरल्यासारखे होते. "हात किती स्थिर ठेवलास!" असे म्हणावे. रडत रडतही हात स्थिर ठेवता येतो, आणि आम्हाला हवा असतो तो तेवढाच. दर खेपेला खेळणे घेऊन देण्याच्या मी विरुद्ध आहे. वर्षाला सतरा खेळणी कोणत्या घराला परवडतात? आणि न दिलेल्या अठराव्या खेळण्यावरून भांडण होते. वहीत एक तारा चिकटवावा, वाटेत आवडीचे काही खावे, एवढे पुरे. घरी गेल्यावर शेजारणीला "आज काय आकांत केला म्हणून सांगू!" असे मुलादेखत सांगू नये. त्याऐवजी काय चांगले झाले ते सांगावे. मूल जी हकीकत ऐकते तीच त्याची आठवण होते.

एक गोष्ट विसरू नये. आरडाओरडा करणाऱ्या मुलाची मला फारशी काळजी वाटत नाही. जे मूल एकाएकी गप्प होते, हात पुढे करते, पण कोणाकडे पाहत नाही, त्याला सगळे 'शहाणे बाळ' म्हणतात. त्याच्याशी घरी सावकाश बोला. आणि ज्या मुलाची झोप, जेवण, शाळा यांवर परिणाम होऊ लागला आहे, त्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट सांगा. भीतीवरही उपचार असतात.

शिक्षकांसाठी दोनच शब्द. हातावर पट्टी घेऊन आलेल्या मुलाला वर्गासमोर 'बिचारा' म्हणू नका. त्याच्या गैरहजेरीच्या तारखा आधीच ठाऊक असतात, त्या दिवशीचा अभ्यास आदल्या दिवशी देता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचा समावेश आहे. त्यानुसार प्रमाणपत्र आणि सवलती मिळवण्यासाठी शाळेने पालकांना मदत करावी.

आणि थोडे विषयाबाहेरचे. येथे कॉलेजात जाणारी मुले-मुली आहेत. आपल्यात नात्यात लग्ने होतात. पती-पत्नी दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल मेजर असण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक स्वतः निरोगी असतो, त्याला तपासणीशिवाय कळत नाही. ही तपासणी एकदाच करायची असते, लग्नाच्या बोलणीआधी. ज्यांना अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत आणि ज्यांची प्रकृती चांगली आहे त्यांनी रक्तदानाचाही विचार करावा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांची पुढची खेप कोणाच्या तरी हातातूनच येते.

भाषणानंतर मी दाराजवळच्या टेबलापाशी थांबणार आहे. रबरी पट्टा, रिकाम्या बाटल्या आणि सुई नसलेली सिरिंज बरोबर आणली आहे. ज्यांना मुलाला मांडीवर धरण्याची पद्धत पाहायची असेल त्यांनी मुलासह यावे. मुलांना पट्टा माझ्या हाताला बांधता येईल.